कढईचं नाव, भट्टीचं कूळ

एअर फ्रायर पूर्ण गार असताना त्याचं भांडं बाहेर काढावं आणि रिकाम्या खणात बॅटरी धरून वर पाहावं. छताला गोल वेटोळ्याची कॉइल दिसते आणि तिच्या वरच्या अंगाला पंख्याची पाती. काढलेल्या भांड्यात जाळीची टोपली असते, जाळीखाली दोन बोटं मोकळी जागा. आत आहे ते एवढंच. तेल भरायला टाकी नाही, पातळीची खूण नाही. नावात 'फ्रायर' असलेल्या या वस्तूत तळण्याचं एकही साधन नाही.

मराठी स्वयंपाकघरात उष्णतेला एक क्रियापद कधी पुरलंच नाही. पुरी तळतात, कांदा परततात, रवा भाजतात, भाकरी शेकतात, मोदक उकडतात. प्रत्येक शब्दामागे वेगळं भांडं, वेगळी आच आणि वेगळी चव आहे. या कसोटीला एअर फ्रायर लावला तर तो भाजणारा निघतो. माझं म्हणणं हेच आहे, की हे यंत्र भट्टीच्या कुळातलं आहे. ते कूळ ओळखलं तर कडधान्यं, कंद, शेंगा आणि फळभाज्या यांचा रोजचा स्वयंपाक त्यात उत्तम होतो. कढईच्या अपेक्षा ठेवल्या तर मात्र वाट्याला निराशा येते. म्हणून हा मागोवा.

आधी कढई

तळणात तेल १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं असतं. त्यात वडा सोडला की पिठातल्या पाण्याची लगेच वाफ होऊ लागते. आपल्याला दिसतात ते बुडबुडे या वाफेचे. वाफ जोरात बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. बुडबुडे मंदावले, तडतड खाली आली की वडा झाला, हे हातात झारा धरणाऱ्याला कानानेच कळतं. तेल आत शिरतं ते बरंचसं नंतर. वडा बाहेर आला, गार होऊ लागला, की आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल ओढून घेते. तळण काढल्या काढल्या नीट निथळू द्यायचं ते यासाठीच.

ही कला आपल्याकडे फार जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ११३० च्या सुमारच्या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचं सविस्तर वर्णन येतं. त्यात वटक आहेत, पूरिका आहेत, म्हणजे आजच्या वड्यापुऱ्यांचे पूर्वज आहेत. पण कढईभर तेल तापवणं हे सर्वसामान्य घरात सणाचं आणि कार्याचं काम होतं. घाण्यावरून आणलेलं तेल मोजून वापरलं जाई. कारखान्यातलं तेल सहज मिळू लागलं आणि तळण रोजचं झालं. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं मानलं जातं. त्या एका पदार्थाने मुंबईतल्या लाखो कष्टकऱ्यांची दुपार निभावली. त्याबद्दल कृतज्ञच राहायला हवं.

मात्र रोजच्या तळणाचा हिशेब शरीराला द्यावा लागतो. १ ग्रॅम तेलात ९ किलोकॅलरी ऊर्जा असते. चहाच्या चमच्याने एक चमचा तेल म्हणजे सुमारे ४० किलोकॅलरी. शिवाय तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते बिघडतं, त्यात नको ती संयुगं साठत जातात. म्हणून भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यावर मर्यादा घातली. तळणाच्या तेलातली 'टोटल पोलर कंपाउंड्स' २५ टक्क्यांच्या वर गेली तर ते तेल अन्नासाठी वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला.

निखाऱ्यांचं घराणं

कढईच्या शेजारी दुसरं घराणं नांदत होतं, आणि त्याला तेल लागतच नव्हतं.

रायगड जिल्ह्यात भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर वाल येतो. थंडीत त्याच्या शेंगा भरल्या की शेतावर पोपटी लागते. मातीच्या मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालतात. त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, कांदे, जाडं मीठ आणि ओवा. तोंड पुन्हा भांबुर्ड्याने गच्च बंद करायचं, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा, पातेरा, काटक्या रचून पेटवायचं. आत पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. शेंगेतला ओलावा आणि मडक्यात कोंडलेली गरम हवा यांच्यावरच सगळं शिजतं. मडक्यावर पाणी शिंपडून ते कसं चरचरतं यावरून जाणती माणसं पोपटी झाली की नाही ते सांगतात. अर्ध्या तासाने मडकं उघडलं की भांबुर्ड्याच्या उग्र वासाची वाफ अंगावर येते. शेंगेचं साल सुरकुतलेलं असतं, दाणा मात्र लोण्यासारखा मऊ.

सोलापूर, नगर आणि मराठवाडा या पट्ट्यात ज्वारीचं कोवळं कणीस गोवऱ्यांच्या आगटीत भाजून हुरडा होतो. खानदेशात भरिताचं वांगं कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात आणि लाकडी बडगीत ठेचतात. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भडभुंज्याच्या भट्टीत तापलेली वाळू हरभऱ्याला चारी बाजूंनी घेरते आणि त्याचा फुटाणा करते. तळणात तेल जे काम करतं, म्हणजे सगळीकडून सारखी आच देणं, तेच काम इथे वाळू करते.

कोकणातलं धोंडस तर आजच्या यंत्राच्या फार जवळ जातं. किसलेली काकडी, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरं यांचं मिश्रण पातेल्यात घालून चुलीवर ठेवायचं आणि झाकणावरही निखारे रचायचे. 'वर-खाली विस्तव' हा त्याचा जुना मंत्र. खालच्या आचेने पदार्थ शिजतो, वरच्या आचेने रंग धरतो. एअर फ्रायरच्या छतातली कॉइल म्हणजे झाकणावरचा तोच विस्तव.

या यादीतला प्रत्येक पदार्थ वनस्पतीजन्य आहे, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. कोणी आहाराचा सिद्धांत म्हणून तो तसा केला नव्हता. शेतात जे होतं ते शेतातच भाजलं गेलं.

वाहती हवा

निखाऱ्यांच्या या पद्धतीत एक उणीव होती. पदार्थाभोवतीची हवा बहुतांशी स्थिर असते. ओल्या वस्तूभोवती दमट हवेचं पातळ पांघरूण तयार होतं आणि ते उष्णता अडवतं. हे पांघरूण सतत ओढून काढलं तर पृष्ठभाग लवकर सुकेल आणि कुरकुरीत होईल. या दिशेचं काम बेंजामिन थॉम्पसन, अर्थात काउंट रमफर्ड यांनी केलं. १७५३ मध्ये अमेरिकेत वोबर्न इथे जन्मलेले हे शास्त्रज्ञ पुढे बव्हेरियाच्या दरबारी म्युनिकला होते, आणि १७९९ मध्ये लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांनी भाजण्यासाठी लोखंडी नळकांड्याची भट्टी बांधली. तिच्याखाली आगीत तापणाऱ्या दोन नळ्या होत्या. पदार्थ शिजत आला की या नळ्यांची तोंडं आणि वरचा वाफेचा मार्ग उघडायचा. मग कोरड्या गरम हवेचा झोत आतून वाहायचा आणि पदार्थाला वरून तांबूस रंग यायचा. ती भट्टी मांस भाजण्यासाठी होती, पण तिच्यातली कल्पना पुढे सगळ्यांच्या कामी आली.

याच रमफर्डनी म्युनिकच्या गरिबांसाठी सूप शिजवलं. त्यात जव, वाळलेले वाटाणे आणि बटाटे होते. बव्हेरियातल्या लोकांना तेव्हा बटाटा खाण्याजोगा वाटत नव्हता, म्हणून सुरुवातीला तो ओळखू येणार नाही इतका शिजवून सूपात मिसळला जाई. कमी इंधनात आणि कमी खर्चात धान्य, कडधान्य आणि कंद यांनी माणसाचं पोट भरता येतं, हे त्यांनी हजारो ताटल्या वाढून दाखवलं.

भाजताना पदार्थाला रंग का येतो, याचं उत्तर मिळायला मात्र आणखी शंभर वर्षं लागली. १९१२ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मेयार यांनी ॲमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापवली तर मिश्रण तपकिरी होतं, ही नोंद केली. १९५३ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातले रसायनज्ञ जॉन हॉज यांनी त्या अभिक्रियेचे टप्पे नीट मांडून दाखवले. आपण ज्याला 'खरपूस' म्हणतो तो वास आणि रंग तिथून येतो. ही अभिक्रिया नीट व्हायची तर पृष्ठभाग सुकावा लागतो, कारण पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. खरपूसपणाला लागतो तो कोरडा पृष्ठभाग आणि चढी उष्णता. तेल हा तिथवर पोचण्याचा एक रस्ता झाला.

विमानातून ओट्यावर

हवेच्या झोताला विजेच्या पंख्याची जोड देणारी एक भट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी आली. अमेरिकी नौदलाच्या लांब पल्ल्याच्या विमानांत सैनिकांना गरम जेवण मिळत नव्हतं. विल्यम मॅक्सन यांनी गोठवलेल्या जेवणाची तीन खणांची ताटली तयार केली आणि ती विमानात तापवण्यासाठी १९४५ च्या सुमारास 'व्हर्लविंड' म्हणजे वावटळ नावाची भट्टी केली. तिच्यातला पंखा गरम हवा ताटल्यांवरून फिरवत राही. १९४७ मध्ये मॅक्सन वारले आणि घरगुती बाजारात हा उद्योग नेण्याची त्यांची योजना मागे पडली. कल्पना मात्र टिकली. पंख्याच्या भट्ट्या बेकऱ्यांत आणि हॉटेलांत गेल्या. १९७६ मध्ये जर्मनीच्या राशनाल कंपनीने गरम हवा आणि वाफ एकाच कपाटात आणणारी भट्टी काढली, आणि मोठ्या स्वयंपाकघरांचं काम बदलून गेलं.

घराच्या ओट्यावर ती यायला बटाटा कारणीभूत झाला. २००६ मध्ये फ्रान्सच्या टेफालने 'ॲक्टिफ्राय' आणला. त्यात एक पातं फोडी हलवत राही आणि चमचाभर तेलात काम भागे. त्याच काळात नेदरलँड्समध्ये फ्रेड व्हॅन डर वेय हे संशोधक घरी, तेलात न बुडवता, चांगले फ्राइज कसे होतील याच्या मागे लागले होते. त्यांनी लाकूड, ॲल्युमिनियम आणि तारेची जाळी वापरून नमुना उभा केला. पुढे फिलिप्सने ते तंत्र घेतलं आणि सप्टेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या आयएफए प्रदर्शनात 'एअरफ्रायर' या नावाने यंत्र जगापुढे आलं. वर कॉइल, तिच्यावर पंखा, खाली जाळी आणि भांड्याच्या तळाला हवा पुन्हा वर वळवणारे उंचवटे. लहान पोकळीत वेगाने फिरणारी हवा, एवढंच त्याचं मर्म. 'तळण्यापेक्षा ८० टक्क्यांपर्यंत कमी चरबी' ही कंपनीची जाहिरात होती, म्हणून तुलना कढईशी झाली आणि नावात 'फ्रायर' कायमचा बसला.

डच लोक या तळलेल्या फोडींना 'पताट' म्हणतात. आपण 'बटाटा' म्हणतो. दोन्ही शब्द कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांच्या एकाच शब्दातून आलेले आहेत, आणि मुळात तो रताळ्याचा शब्द. आपल्याकडे तो पोर्तुगिजांबरोबर आला. एअर फ्रायरमध्ये सगळ्यात गोड भाजलं जातं ते रताळंच, हा त्या शब्दाचा सुंदर परतीचा प्रवास मला वाटतो.

रंगाची मर्यादा

तेल कमी केलं म्हणजे सगळं साधलं, असं नाही. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये हालांद्सओस इथे बोगद्याचं काम चालू असताना ॲक्रिलमाइड हे रसायन पाण्यात झिरपलं आणि आसपासच्या गायी आजारी पडल्या. शास्त्रज्ञांनी कामगारांचं रक्त तपासलं, आणि तुलनेसाठी बोगद्याशी संबंध नसलेल्या लोकांचंही. त्यांच्याही रक्तात त्याच्या खुणा निघाल्या. शोध अन्नापर्यंत पोचला. एप्रिल २००२ मध्ये स्वीडनने जाहीर केलं, की पिष्टमय पदार्थ जास्त तापमानाला तळले किंवा भाजले की त्यांत ॲक्रिलमाइड तयार होतं. उकडलेल्या बटाट्यात ते आढळलं नाही. ते बनतं ॲस्पॅराजिन हे ॲमिनो आम्ल आणि साखर यांच्यापासून, १२० अंशांच्या वर. मेयार यांच्याच अभिक्रियेची ही दुसरी बाजू.

हे एअर फ्रायरलाही लागू आहे. म्हणून बटाट्याच्या फोडी अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात, म्हणजे वरची साखर आणि पिष्ट निघून जातं. मग कापडावर कोरड्या कराव्यात आणि सोनेरी रंगावर थांबावं. काळपट होईपर्यंत ठेवू नये. बटाटे फ्रिजमध्ये साठवू नयेत, कारण थंडीत त्यांतली साखर वाढते.

आपल्या ताटाकडे

निखाऱ्यांवरचे पदार्थ वनस्पतीजन्य होते, हे वर आलंच. अशा आहाराला वेगळं नाव मिळालं ते बरंच नंतर. नोव्हेंबर १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी स्थापन केली आणि दूधही वर्ज्य करणाऱ्या आहाराला नाव दिलं. आपला शाकाहार दूध, दही, तूप मानतो, त्यामुळे तो आणि हा एक नव्हे. तरीही झुणका-भाकर, उसळी, भाजणीचं थालीपीठ, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, भरीत असं कितीतरी आपल्याकडे दुधाच्या थेंबाविना चालत आलेलं आहे. त्यात काही नवं घुसवायची गरज नाही.

या यंत्रात काय जमतं, हे कुळावरून कळतं. कोथिंबिरीची वडी घ्या. बेसनाचं मिश्रण उकडून घट्ट झालेलं असतं, वड्या कापलेल्या असतात. आता फक्त वरचा थर सुकायचा आणि रंगायचा उरतो. वड्यांना दोन्ही बाजूंनी मिळून चमचाभर तेल बोटाने लावावं, १८० अंशांवर १२ ते १५ मिनिटं ठेवावं, मध्ये एकदा उलटावं. कडा तांबूस होतात, तीळ खमंग लागतात. अळूवडीचंही तसंच. सुरणाचे, कच्च्या केळ्याचे, गोव्या-सिंधुदुर्गातल्या नीरफणसाचे काप मसाला आणि रवा लावून तव्यावर होतातच, ते इथेही छान होतात. रात्रभर भिजवून शिजवलेले काबुली चणे कापडावर अगदी कोरडे करून १९० अंशांवर पाव तास ठेवले, की ते फुटाण्याचे भाऊबंद होतात. वांग्याला सुरीने टोचे मारून तेलाचा हात लावावा आणि २०० अंशांवर २० ते २५ मिनिटं भाजावं. साल सुटतं, गर मऊ होतो. धुराचा वास मात्र येत नाही, कारण तो काड्यांचा आणि जळलेल्या सालीचा असतो. तो हवा असेल तर वाटीत निखारा ठेवून, त्यावर तेलाचा थेंब सोडून भांडं झाकावं.

काय जमत नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं. ओलं पीठ टोपलीत टिकत नाही. कढईत गेलेलं पीठ तेलाच्या स्पर्शाने त्या क्षणी आवळतं. हवा तेवढ्या वेगाने उष्णता देऊ शकत नाही, त्यामुळे ते जाळीतून ओघळतं. म्हणून बटाटेवडा कढईतच करावा, कधीतरी करावा आणि ताज्या तेलात करावा. पापड, पालकाचं पान अशा हलक्या वस्तू झोताने उडून कॉइलला चिकटतात, त्यांच्यावर जाळी ठेवावी लागते. टोपली गच्च भरली तर हवा फिरत नाही आणि पदार्थ भाजण्याऐवजी वाफवला जातो. एका वेळी एक थर, हा नियम पाळावाच लागतो. चार माणसांच्या घरात त्यामुळे दोन-तीन घाणे काढावे लागतात. १५०० वॉटचं यंत्र २० मिनिटं चाललं तर अर्धं युनिट वीज जाते, तोही हिशेब धरावा.

आरोग्याचं श्रेय यंत्राला देऊ नये. गोठवलेल्या फ्राइजची पिशवी त्यात ओतली तर जेवण फ्राइजचंच होतं. त्यात शेंगा, कंद आणि कडधान्यं घातली तरच कमी तेलाला अर्थ येतो.

ज्यांनी निखाऱ्यात रताळं भाजलं, पोपटीचं मडकं लावलं, झाकणावर विस्तव ठेवून धोंडस केलं, अशी माणसं अजून आपल्या घरांत आहेत. ती काय काय भाजत असत, पदार्थ झाला हे कशावरून ओळखत असत, ते त्यांना विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. एअर फ्रायरबरोबर आलेल्या पुस्तिकेपेक्षा ती वही तुमच्या जास्त कामी येईल.